देवाला सोडलेल्या बसव्याचा दावा

संपादकांनी कळवलं, "वकिलीतले थरारक अनुभव लिहा." आता आली का पंचाईत! माझ्या सबंध वकिलीत एकही खून नाही. दरोडा नाही, विषप्रयोग नाही, भर अदालतीत बेशुद्ध पडलेली सुंदरी तर नाहीच नाही. निजामाच्या राज्यात तिसऱ्या दर्जाची सनद घेऊन मी उस्मानाबादच्या दिवाणी अदालतीत उभा राहिलो आणि केस पिकेपर्यंत तिथंच राहिलो. माझ्या दाव्यांत माणसं मेली नाहीत. फार तर पडली, भाजली, त्यांच्या भिंती खचल्या, शेळ्या खड्ड्यात गेल्या. फौजदारीतले वकील पान चघळत विचारायचे, "काय रावसाहेब, आज कुणाची शेळी?" मी म्हणायचो, "बाबांनो, खून एखाद्याच्याच वाट्याला येतो. शेजारी मात्र सगळ्यांना असतो."

आमचा धंदा बाहेरच्या माणसाला समजायला अवघड नाही. फौजदारीत सरकार गुन्हेगाराला शिक्षा करतं. आमच्याकडं शिक्षा नसते. ज्याच्या हलगर्जीपणानं दुसऱ्याचं काही मोडलं, त्यानं ते जमेल तेवढं भरून द्यायचं, एवढाच मामला. अदालतीचा कारभार उर्दूत होता, म्हणून हलगर्जीपणाला गफलत म्हणायचे आणि भरपाईला हर्जाना. मुन्सफ म्हणजे तिथला न्यायाधीश. तो फिरून फिरून तेच विचारायचा. सांभाळायची जबाबदारी कुणाची होती? त्यानं गफलत केली का? आणि जे नुकसान झालं ते त्या गफलतीमुळंच झालं का? ह्या तीन प्रश्नांवर माझा संसार चालला. मुलींची लग्नं झाली.

कळंबकडच्या एका शेतकऱ्यानं जमिनीतल्या पेवातून ज्वारी काढली आणि पेवाचं तोंड उघडंच टाकलं. शेजाऱ्याची गाभण शेळी आत पडून मेली. शेतकरी मुन्सफासमोर तावातावानं म्हणाला, "शेळीला डोळं न्हाईत व्हय?" मुन्सफ म्हणाले, "डोळे आहेत, पण पेव तिनं खोदलेलं नाही." खड्डा करील त्यानं झाकावा, हा कायदा त्या दिवशी अख्ख्या कळंबच्या बाजाराला पाठ झाला.

आमच्या जिल्ह्यातल्या वाशीच्या एका हॉटेलवाल्याची तक्रार वेगळीच होती. त्याच्या समोर दुसऱ्यानं हॉटेल काढलं आणि गिऱ्हाईक तिकडं वळलं. "माजं नुकसान झालं का न्हाय, सांगा."

"झालं की."

"मग ठोका दावा!"

मी त्याला समजावलं, नुकसान झालं म्हणजे अन्याय झालाच असं नाही. त्यानं तुमची चूल फोडली नाही, तुमच्या चहाची बदनामी केली नाही. चांगला चहा करण्याची कायद्यात मुभा आहे. तुम्हीही दुधात पाणी कमी घाला. मग फी म्हणून त्यानं मला चहा पाजला. पाणी होतं तेवढंच होतं.

असे दावे मी पुष्कळ लढलो आणि बरेचसे जिंकलो. पण डोळे मिटले की मला आठवतो तो एक हरलेला. तोच सांगतो.

नळदुर्गाच्या बाजूला आमचा जिल्हा कानडी मुलखाला लागतो. तिकडची माणसं मराठीत भांडतात आणि कानडीत रडतात. तिथल्या एका गावात शिवप्पा नावाचे लिंगायत व्यापारी होते. गूळ, डाळी, भुसार असं त्यांचं दुकान. लोक त्यांना अप्पा म्हणत. मापात चोख, बोलायला कमी, कपाळावर भस्माचे ताजे पट्टे. त्यांची बायको गंगव्वा, सगळ्या गावाची अव्वा. ह्या दोघांना नवसासायासानं झालेला एकच मुलगा, चन्नू. त्याच्या लहानपणी घरची गाय वीत असताना मेली आणि वासरू मागं राहिलं. चन्नूनं ते वासरू चिंधीच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलं. पुढं गावात पटकीची साथ आली आणि चन्नू गेला. वासरू राहिलं.

त्या वासराकडं बघवेना, आणि विकावं तर हात धजेना. शेवटी अप्पांनी आपल्यातल्या रिवाजाप्रमाणं ते महादेवाला सोडलं. मागच्या फऱ्यावर त्रिशूळाचा डाग दिला, गळ्यातलं दावं सोडलं आणि देवळापुढं हात जोडले. असा सोडलेला बैल तिकडं बसवा म्हणून ओळखतात. त्याला कुणी नांगराला जुंपत नाही, कुणी वेसण घालत नाही, आणि कुणाच्या पिकात शिरला तरी लोक नुसतं हुसकतात. देवाचाच तो!

पण देवाचा झाला तरी बसव्याला घर आठवत होतं. रोज दुपारी तो अप्पांच्या दारात येऊन उभा राहायचा. गंगव्वा भाकरीवर गुळाचा खडा ठेवून त्याला भरवायची आणि कानडीत दोन शब्द बोलायची. त्याचा कधी चुकून नागा झाला नाही.

त्या वर्षी संक्रांतीच्या आधी दोघं नवराबायको सोलापूरला सिद्धरामेश्वराच्या यात्रेला गेली. घराला कुलूप, दुकानाला कुलूप. बसव्याला काय सांगून जाणार? नेमका गावचा बाजार होता. बसवा ठरल्या वेळेला आला, दाराला डोकं लावून उभा राहिला. दार उघडेना. मग त्याला शेजारच्या पालातल्या गुळाचा वास लागला. पालवाल्यानं आरडाओरड केली, कुणीतरी पाठीत दांडकं घातलं, आणि बसवा बिथरून बाजारात घुसला. पुढंच निवृत्ती कुंभार सुगडं मांडून बसला होता. लोक म्हणाले, "पळ, निवृत्ती!" पण वर्षाच्या सणाचा माल समोर असताना कुंभार पळतो कुठं? सुगडं वाचवायला त्यानं उजवा हात आडवा घातला, आणि बसव्याचा पाय त्या हातावर पडला.

हाडवैद्यानं हात बांधला, पण मनगट वाकडंच जुळलं. कुंभाराचं उजवं मनगट गेलं म्हणजे काय गेलं, हे चाकावर मातीचा गोळा वर चढताना बघितलेल्या माणसालाच कळेल. निवृत्ती तिशीतला गडी होता. घरात बायको, दोन लेकरं, म्हातारा बाप, आणि अंगणात थांबलेलं चाक.

अप्पा यात्रेहून आले आणि ऐकताक्षणी पोत्यानं ज्वारी निवृत्तीच्या दारात पाठवली. निवृत्तीनं ती परत धाडली. मग अप्पा स्वतः गेले. पुढं साक्षीत निवृत्तीनं तो प्रसंग सांगितला तो असा:

"अप्पा म्हनले, ही ज्वारी घे, धर्म समज. म्या म्हनलो, अप्पा, तुमी धर्म केला की मी भिकारी ठरतो. माजा हात काय दानात मोडला न्हाय. तुमच्या बैलानं मोडला. तेवढं कबूल करा अन् मग द्या, मी डोक्याला लावून घेतो. अप्पा म्हनले, बैल माजा न्हाय."

दावा लागला, आणि अप्पा माझ्याकडं आले. मी त्यांना आधी खासगीत म्हणालो, "अप्पा, तुम्हाला द्यायला तर अडचण नाही. मग 'माझा' म्हणायला काय हरकत आहे?"

अप्पा खाली मान घालून बसले होते. म्हणाले, "वकीलसाब, लागंल तेवढं देतो. पर देवाला दिलेलं माजं कसं म्हनू? चन्नूच्या नावानं सोडलाय. आता माजा म्हनलो तर दिलेलं माघारी घेतल्यासारखं हुईल. पोराच्या नावानं दिलेलं माघारी घ्यू?"

निवृत्तीला भीक नको होती, अप्पांना चोरी नको होती, आणि दोघंही खरे होते. अशा वेळी वकिलानं फार विचार करू नये, आपल्या पक्षकाराची बाजू धरावी. मी धरली. आणि खरं सांगतो, कायद्यानं माझी बाजू भक्कम होती. मालकी सोडलेल्या जनावराला मालक नसतो, आणि मालकच नाही तर हर्जाना मागणार कुणाकडं? महादेवावर समन्स कोण बजावणार?

मुन्सफसाहेब हैदराबादचे होते. शेरवानी, रुमी टोपी, उर्दूतलं बोलणं लोण्यासारखं मऊ. माझा युक्तिवाद ऐकून ते म्हणाले, "ह्या बैलाला एकदा भेटलं पाहिजे." आणि त्यांनी मौक्याची पाहणी लावली. मौका म्हणजे घटना घडली ती जागा. ऐन उन्हाळ्यात आम्ही सगळे त्या गावी गेलो. अप्पांच्या दुकानासमोर लिंबाखाली साहेबांची खुर्ची मांडली. एका बाजूला निवृत्ती आणि त्याचे वकील, एका बाजूला मी आणि अप्पा. गंगव्वा दुकानाच्या उंबऱ्यात बसली होती, डोक्यावरून पदर, नजर रस्त्याकडं. अख्खं गाव गोळा झालं होतं.

मी उभा राहिलो. त्रिशूळाचा डाग सांगितला, रिवाज सांगितला, देवळाच्या पुजाऱ्याची, जंगमाची, साक्ष झाली. निवृत्तीनं वेळीच उठून बाजूला व्हायला हवं होतं, अशी एक पुस्तीही मी जोडली. साहेब म्हणाले, "माणूस आपली रोजी वाचवायला हात पुढं करतो, वकीलसाहेब. ती गफलत नव्हे." मी ती पुस्ती मुकाट्यानं मागं घेतली.

मग ते म्हणाले, "बाकी तुमचं म्हणणं मला पटतंय. बैल लावारिस आहे, असं मी लिहितो. पण मग आणखी एक ओळ लिहावी लागेल. माणसाला इजा करणारं लावारिस जनावर रस्त्यावर सोडता येत नाही. तहसीलची माणसं येऊन त्याला कोंडवाड्यात घालतील. मुदतीत कुणी आलं नाही तर लिलाव होईल. घेईल त्याचा बैल. तुमच्या पक्षकाराला हे सांगा."

मी जिंकत होतो, आणि जिंकणं नकोसं झालं होतं. मी अप्पांना मराठीत सगळं सांगितलं. त्यांनी बायकोकडं पाहिलं. उंबऱ्यातून गंगव्वा म्हणाली, "वकीलसाब, साहेब काय शब्द बोलले? लावारिस म्हंजी काय?"

मी म्हणालो, "अव्वा, ज्याचं मागं-पुढं कुणी नाही, तो."

एवढ्यात गर्दीत गलका झाला आणि माणसं बाजूला झाली. बसव्याची वेळ झाली होती. पांढराशुभ्र, भरल्या वशिंडाचा, मस्तवाल बैल सावकाश रस्त्यानं येत होता. लोक दुतर्फा मागं सरकले. शिपाई साहेबांच्या खुर्चीमागं गेला. निवृत्तीही दोन पावलं मागं झाला आणि त्यानं वाकडा हात पटकन छातीशी धरला. लेकरू मारणाऱ्यापुढं हात लपवतं, तसा. गंगव्वानं ते पाहिलं. मीही पाहिलं.

ती उठली. पायरी उतरून रस्त्यात आली आणि म्हणाली, "बारो."

कानडीत बारो म्हणजे ये रे. घरच्या पोराला हाक मारतात तसं ती म्हणाली. बसवा सरळ तिच्यापाशी गेला आणि त्यानं तिच्या खांद्याला तोंड लावलं. तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि मुन्सफांकडं वळली.

"साहेब, ह्याला मागं-पुढं कुणी न्हाय असं लिवू नका. ह्यो माजा हाय. माज्या लेकानं बोळ्यानं दूध पाजून वाढीवलाय. त्याला रोज बोलावती मी, खायाला घालती मी, अन् त्या दिशी कुनाला न सांगता कुलूप लावून गेली ती बी मीच." मग ती निवृत्तीकडं बघून म्हणाली, "निवृत्ती, तुजा हात माज्या बसव्यानं मोडला रं बाबा. माजी चूक झाली."

निवृत्तीनं मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याचं उजवं मनगट वळत नव्हतं.

मुन्सफसाहेबांना मराठी बेताचंच यायचं. ते माझ्याकडं वळले. "वकीलसाहब, क्या कहती हैं?"

आता गंमत बघा. माझ्याच बाजूच्या बाईच्या तोंडून माझा बचाव बुडाला होता, आणि ते उर्दूत सांगायचं काम माझंच होतं. अप्पा माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "हुजूर, कहती हैं, मेरा है."

"मैं समझ गया था," साहेब म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

निकाल माझ्या विरुद्ध गेला. साहेबांनी त्यात लिहिलं की देवाला दिलेल्याची मालकी देवाची, त्यात अदालत पडत नाही. परंतु ज्यानं जनावराला आपल्या दाराची सवय लावली, त्यानं ती सवय एक दिवस मोडताना शेजाऱ्यापाजाऱ्यांची काळजी घ्यायला हवी होती. जिथं माया तिथं जबाबदारी. कायद्याच्या पुस्तकात असं वाक्य कुठं नाही. वरच्या अदालतीत ते टिकलं असतं का, शंकाच आहे. कोंडवाड्याची ओळ मात्र त्यांनी लिहिली नाही. त्याऐवजी बसव्याच्या गळ्यात मोठी घंटी बांधावी, म्हणजे बाजाराला तो आल्याचं कळेल, असा हुकूम केला. ती मागणी निवृत्तीचीच होती.

अप्पांनी हर्जाना त्याच आठवड्यात भरला. निवृत्तीनं तो भर अदालतीत डाव्या हातानं घेतला, कपाळाला लावला, आणि त्यातला एक पैसाही सोडला नाही. कुणी म्हणालं, अव्वानं एवढं म्हटल्यावर थोडं सोडायचंस. तो म्हणाला, "सोडलं तर तिच्या बोलन्याला काय किंमत ऱ्हायली?" पुढं त्याचा धाकटा भाऊ चाकावर बसू लागला आणि निवृत्ती भट्टी लावू लागला. भट्टी लावण्यात त्याचा हात कुणी धरू शकलं नाही. पण चाकासमोरून जाताना तो थांबायचा, हे मी पाहिलं आहे. हर्जान्यात सगळं भरून निघत नाही. इतकी वर्षं हे काम करून मला एवढं नक्की कळलं.

अप्पा मात्र मिटून गेले. पैसे गेल्याचं त्यांना काहीच नव्हतं. निकालात मालकी देवाचीच म्हटली होती, तरी गंगव्वा भर गावात 'माजा' म्हणाली होती; "दिलेलं माघारी घेतलं," हे त्यांच्या मनातून जाईना. बायकोशी बोलणं तुटलं. ते मला येऊन म्हणाले, "वकीलसाब, अपील करा. हर्जाना परत नको. फकस्त बैल आमचा न्हाय एवढं वरून लिवून आना."

मी अपील तयार केलं. मुदत संपत आली होती आणि अप्पांची सही राहिली होती. नळदुर्गाला दुसऱ्या कामासाठी जायचं होतं, म्हणून वाटेत त्यांच्या गावी उतरलो. तो पोळ्याचा दिवस होता.

व्यापाऱ्याच्या घरी पोळा कसला? अप्पांकडं ना शेत, ना बैल. देवाला सोडलेल्या बसव्यालाही पोळा नसतो, कारण पोळा घरच्या बैलाचा. एरवी तो त्या दिवशी देवळामागं उभा राहून मिरवणुकीकडं बघायचा म्हणे. मी पोचलो तेव्हा अप्पा दुकानात एकटेच बसले होते, आणि मागच्या दाराशी गंगव्वा बसव्याला सजवत होती. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग. वेसण घातली नव्हती. गळ्यात फक्त ती हुकमाची घंटी. तिनं त्याला पुरणपोळी भरवली, पायांवर पाणी घातलं, आणि रस्त्याकडं तोंड करून सोडलं. बाईमाणसानं मिरवणुकीत बैल धरायचा रिवाज नव्हता. बसवा एकटाच रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. सगळ्या बैलांजवळ धनी होते, ह्याच्याजवळ कुणी नाही.

अप्पा दुकानातून बघत होते. मी कागद काढले होते, दौत उघडली होती. ते एकदम उठले. पायताणही न घालता रस्त्यावर गेले आणि त्यांनी बसव्याच्या वशिंडावर हात ठेवला.

त्या गावात रीत अशी, की वेशीतल्या तोरणाखालून बैल जाताना पाटलानं विचारायचं, "कुणाचा?" आणि धन्यानं आपल्या घराचं नाव सांगायचं. पाटलाला ठाऊक असतं, तरी विचारायचं. एकेक बैल जात होता, नावं घेतली जात होती, ताशा वाजत होता. शेवटी बसवा तोरणाखाली आला. पाटील अडखळले. मग रीत म्हणून त्यांनी विचारलं, "कुणाचा?"

अप्पांनी तोंड उघडलं. माझा म्हणवत नव्हतं, देवाचा म्हणवत नव्हतं. आम्ही सगळे त्यांच्याकडं बघत राहिलो.

तोरणाच्या खांबाशी निवृत्ती उभा होता, वाकडा हात पोटाशी धरून. तो म्हणाला, "चन्नूचा हाय, पाटील. जाऊ द्या."

घंटी वाजली आणि बसवा तोरणाखालून गेला. अप्पा त्याच्याबरोबर गेले, वशिंडावर हात ठेवूनच, भर रस्त्यात रडत. मागं कोपऱ्यावर गंगव्वा उभी होती. ते तिच्यापाशी थांबले आणि पुष्कळ दिवसांनी तिच्याशी कानडीत काहीतरी बोलले.

मग ते माझ्याकडं आले. डोळे पुसत म्हणाले, "वकीलसाब, त्यो अपिलाचा कागद..."

"कसला कागद, अप्पा?" मी म्हणालो. "मी तर पोळा बघायला आलोय."